सबुरीची कुंडी

पांढऱ्या चीजचा रिकामा पत्र्याचा डबा,
तळाला खिळ्याने पाडलेली पाच भोकं,
त्यात वहबाने लावलेली कोरफड.
कैरोचं इम्बाबा. सहा मजले, मग गच्ची.
वहबा जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा.
या इमारतीला लिफ्ट नव्हती. नाही.

तो होता तोवर कुंडीकडे कुणाचं लक्ष नसे
आणि कुंडीचं बरं चाललं होतं.
महिन्यातून दोनदा, आठवलंच तर,
चहाची किटली विसळलेलं पाणी.
वाळवंटाकडून खमासीन सुटला
की पानांवर पिवळी धूळ बसायची,
ती तो अंगातल्या बनियनच्या टोकाने पुसायचा
आणि तोच बनियन घालून झोपायचा.
यावरून इनशिराहचं दर वर्षी भांडण.

तो गेल्यावर ती रोज पाणी घालू लागली.
पहाटेच्या बांगेनंतर एक मग,
शेजारची कबुतरं खुराड्यात शिरताना एक.
एवढं तरी आपल्या हातात आहे, म्हणाली.
हातात मग, गुडघ्यांत कळ,
चौथ्या मजल्यावर जरा टेकायचं.
पानं आधी फुगली.
तिला वाटलं, मानवलं.
मग बुडापासून तपकिरी झाली, काचेसारखी,
बोट लावलं तर बोट आत गेलं.

खमीस भट्टीवर रोट्या भाजतो,
कोपरापर्यंत हात म्हणजे चटक्यांचा नकाशा.
दर आठवड्याला एक पान न्यायला येतो, खालचं, जाडं.
त्या दिवशी सुरी घेऊन आला, वाकला,
आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.
'हज्जा, ही तहानेने नाही मेली.'

डबा उपडा केला.
मुळं काळी, ओल्या सुतळीसारखी.
फक्त कडेला चिकटून एक पिल्लू,
करंगळीएवढं, पांढऱ्या मुळाचं.
'हे कागदावर ठेव. सावलीत. आठ दिवस.
तुटलेली जागा सुकू दे.'
पाणी?
'नाही.'
माती?
'तीही नाही.'
मग मी करू काय?
खमीसने सुरी पुसली.
'तेच अवघड आहे,' म्हणाला, आणि भट्टीकडे गेला.

फळीवर, वहबाच्या स्क्रूड्रायव्हरशेजारी,
गेल्या महिन्याच्या वर्तमानपत्रावर ते पडून.
ती त्याच्याभोवती घरभर फिरली.
तिसऱ्या दिवशी पेला भरून फळीपर्यंत गेली,
थांबली,
आणि पाणी स्वतःच पिऊन टाकलं.
तिच्या लक्षात आलं, सकाळपासून प्यायलीच नव्हती.

आठ दिवसांनी गल्लीत चाललेल्या बांधकामावरून
दोन ओंजळी वाळू, न विचारता.
विटेचे तुकडे तळाशी.
माती थोडीच, चाळून.
डबा तसलाच. चीज संपवायला नातवाला बोलवावं लागलं.

तिच्या भाषेत या झाडाला म्हणतात सब्बार
आणि धीर धरण्याला सब्र,
एकाच मुळाचे दोन फुटवे.
तिसरा फुटवा कधीतरी दूर आला
आणि आपल्या तोंडी सबुरी झाला.
तिला हे ठाऊक असायचं कारण नाही.
तिला एवढंच ठाऊक
की कबरस्तानातही लोक हेच लावून जातात,
आणि तिथे पाणी घालायला कुणी मागे राहत नाही,
आणि तिथे ते हिरवं आहे.

आता ती बोट खुपसून बघते, दुसऱ्या पेरापर्यंत.
थंड लागलं तर मग खाली ठेवते.
पाच पानं आली, सहावं टोकाशी मिटलेलं.
काल खमीस आला, मनगटावर ताजा फोड घेऊन.
'अजून नाही,' ती म्हणाली. 'पुढच्या वर्षी ये.
तोवर नळाखाली धर.'
तो हसला, गरम रोटी ठेवून गेला.

आज पुन्हा खमासीन.
पानांवर तीच पिवळी भुकटी.
इकडे तिकडे फडकं शोधलं, मिळालं नाही.
मग आतून बनियन आणला,
एकेक पान बुडाकडून टोकाकडे पुसलं,
काट्यांना अडकू न देता.
झटकला. दोरीवर टाकला.
धुवायला काढायचा आहे तो, केव्हाचा.